रविवारी कढी उडवणारी व्हॅन

मी व्हॅनच्या मागच्या भागात खाली बसले होते, पाठ ड्रायव्हरच्या सीटला टेकवून. दोन्ही पायांच्या मध्ये कढीचा मोठा गंज होता. त्यात कढी नव्हती, साधं पाणी होतं, काठापासून चार बोटं खाली. पुढे कवडू गाडी चालवत होता.

"ब्रेकर येऊन राहिला वो मावशी!" तो ओरडला.

"येऊ दे. तू रोजच्यासारखी हळू कर. माही काळजी करू नोको."

गाडी हळू झाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग खालून कुणीतरी लाथ घालावी तसा धक्का बसला आणि अर्धं पाणी माझ्या मांडीवर आलं.

"भेटला का धक्का?"

"भेटला. आंघोळ झाली. चाल पुढं."

धक्का लहान की मोठा हे मोजायचं मीटर माझ्याकडे नाही. गंजातलं पाणी असतं. गाडीचा मालक वाढवून सांगतो, नाहीतर लपवून सांगतो. पाणी जेवढं असेल तेवढंच सांडतं.

मी सानगडीला गॅरेज चालवते. शिक्षण चौथी. नवरा मिस्त्री होता. तो गेला, पाने राहिले. ते विकून किती दिवस खाणार, म्हणून वापरायला लागले. सुरुवातीला लोक बाई गाडीखाली कशी झोपते ते पाहायला यायचे. मग गाड्या घेऊन यायला लागले. माझं वय झालं आहे, पण गाडीखाली अजून जाते. बाहेर निघताना मात्र कुणीतरी पाय धरून ओढावं लागतं.

कवडू आमच्याच गावचा केटरर. चाळिशीचा माणूस. मांडवाच्या खांबावरून पडून त्याचा डावा गुडघा कामातून गेला. क्लच दाबायचा तर डावा पाय लागतो, म्हणून साधी गाडी त्याला चालवता येत नाही. त्याने ही ऑटोमॅटिक डिझेल व्हॅन घेतली. एका मोठ्या बांधकामावर बाहेर देशातले इंजिनिअर आले होते, त्यांच्यासाठी अशा गाड्या आणल्या होत्या. काम संपलं, साहेब गेले, गाड्या लिलावात निघाल्या. त्या गाड्या तेव्हा माझ्याकडेच दुरुस्तीला यायच्या, म्हणून मला त्यांची माहिती. गाडीसोबत एक जाड पुस्तक आहे, पण ते जपानीत आहे. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे जपानीचं काही वाटलं नाही. चित्रं पाहून काम भागतं.

आता हा धक्का म्हणजे काय ते सांगते. ऑटोमॅटिक गाडीत गिअर आपण टाकत नाही, गिअरबॉक्स स्वतः टाकतो. गाडीने वेग घेतला की वरचा गिअर, हळू झाली की खालचा. वरून खाली येण्याला डाउनशिफ्ट म्हणतात. चांगला गिअरबॉक्स म्हाताऱ्या माणसासारखा खाली बसतो, हात टेकवत, हळूच. कवडूचा गिअरबॉक्स भरलेलं पोतं टाकावं तसा बसत होता.

आणि त्याचे परिणाम मोठे होते, कारण गाडीत कढी असते.

आमच्याकडे लग्नाकार्यात गोळ्यांची कढी करतात. चण्याची डाळ भिजवून वाटायची, तिचे गोळे करायचे आणि कढीत सोडायचे. कवडू बाकी सगळा स्वयंपाक मांडवात करतो, पण कढी घरच्या चुलीवर, त्याची आई गिरजाबाई हिच्या देखरेखीखाली. दुसऱ्याच्या चुलीवर कढी फाटते म्हणे. मला ते काही पटत नाही, पण कढी चांगली असते, म्हणून मी बोलत नाही. मग ती कढी व्हॅनमधून न्यायची. गंजाला झाकण लावत नाही, वर फडकं टाकतो. झाकणाने वाफेचं पाणी आत पडून कढी पातळ होते.

"झाकण लाव ना बे, सगळी कटकट संपते," मी म्हटलं होतं.

"मंग तिले कढी कायले म्हणाचं? ताक म्हणा," तो म्हणाला.

मी पाण्याचा गंज घेऊन बसले तो सोमवार. आदल्या दिवशी, रविवारी, एकोडीला देवाजी नावाच्या माणसाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. नवऱ्या मुलाचा मामा रस्त्यात भेटला, रस्ता दाखवतो म्हणून पुढच्या सीटवर बसला. गावाच्या ब्रेकरवर गाडी हळू झाली, धक्का बसला, आणि कढीतला एक गोळा उडून मामाच्या कॉलरमधून पाठीत उतरला. मामा पांढऱ्या सदऱ्यात होता. कार्यक्रम संपेपर्यंत तो कुणाकडे पाठ करून उभा राहिला नाही.

देवाजीने त्याच दिवशी सांगून टाकलं, "कवडू, पंधरा दिवसानं लग्न आहे. लग्नात एक गोळा जरी सांडला तं तुले मांडवात पाय ठेवू देणार नाही. साकोलीच्या केटररले मी सांगून ठेवतो."

नागपूरच्या एका वर्कशॉपने तर त्या सकाळी फोनवरच निकाल दिला होता. गिअरबॉक्स गेला, नवीन मिळत नाही, गाडी भंगारात द्या. कवडूने भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो येणार होता.

"मावशी, हे गाडी गेली तं मी दुसऱ्याच्या मांडवात कांदे कापाले जाईन," कवडू म्हणाला. "मले दुसरी गाडी चालवताच येत नाही."

"रडू नोको. उद्या आणून लाव."

मंगळवारी तो गाडी लावून गेला. बुधवारी मी हात घातला.

आधी गिअरबॉक्सचं तेल. पट्टी काढून पाहिली. हे तेल लाल असतं. आतल्या प्लेटा जळाल्या की ते काळं पडतं आणि करपलेल्या भाकरीसारखा वास येतो. तेल लाल होतं, पातळी बरोबर होती, वास चांगला होता. म्हणजे गिअरबॉक्स आतून शाबूत. नागपूरवाल्याने फोनवर वास घेतला असेल तर मला माहीत नाही.

मग इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसतं ती. पहार लावून हलवून पाहिली. ठीक. आयडलिंग पाहिलं, म्हणजे पाय न लावता इंजिन किती जोरात चालतं ते. ठीक.

मग किकडाउन केबल. ही समजून घ्या, पुढे लागेल. डिझेल पंपापासून गिअरबॉक्सपर्यंत एक तार जाते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की ही तार ओढली जाते. त्यावरून गिअरबॉक्सला कळतं की ड्रायव्हर जोर मागतो आहे, आणि मग तो गिअर जोरात टाकतो. पाय उचलला की तार ढिली आणि गिअरबॉक्सही सौम्य. तार विनाकारण ओढलेली राहिली तर गिअरबॉक्स गाडी हळू होतानासुद्धा आवेशात असतो.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलली. तारेची ढील पाहिली. बरोबर होती. तिथे खाली ट्रेवर एक सुकलेलं लिंबू, एक काळा दोरा आणि थोड्या मिरच्या पडल्या होत्या. केटररची गाडी. लिंबू-मिरच्या नाही तर काय, सोनं निघणार? मी ते फेकून दिलं.

शेवटी चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट पाहिला. त्याचा सरकणारा जॉइंट कोरडा होता. तो कोरडा असला की गाडी हळू होताना धक्का बसतो, आणि माणसाला वाटतं गिअरबॉक्सच गेला. मी भरपूर ग्रीस भरलं. शुक्रवारी पाण्याचा गंज ठेवून नऊ ब्रेकरवरून गाडी नेली. पाणी हललंसुद्धा नाही.

"मावशी, तू तं जादू केली!" कवडू म्हणाला.

"जादू नाही, ग्रीस आहे," मी म्हटलं. मग बाजारात चार लोकांना सांगितलं की नागपूरवाल्यांना जे जमलं नाही ते मी अर्ध्या डब्यात केलं. हे सांगायची गरज नव्हती.

रविवारी कवडूचं अड्याळला तेरवीचं काम होतं. दुपारी तो तिथून थेट गॅरेजवर आला. मानेवर कढी, कानात कढी.

"पहिल्यापेक्षा जास्त उडाली," तो म्हणाला. "तेरवीले आलेले लोक हसले, मावशी. तेरवीत!"

आणखी वाईट म्हणजे बाजारातल्या त्याच चार लोकांनीही ऐकलं. एकाने मला विचारलं, "काय वो मावशी, उरलेला अर्धा डबा भराचा राह्यला काय?"

मंगळवारी पुन्हा गाडी घेतली. धक्का होता, पण कमी. बुधवारी आणखी कमी. गुरुवारी गायब. मी कशालाच हात लावला नव्हता. सीट उचलली तर खाली पुन्हा सुकलेलं लिंबू, या वेळी मोठ्ठं. मनात म्हटलं, कवडू आता मोठी लिंबं घेतो, धंदा बरा चालला असेल. आणि फेकून दिलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आपली चूक दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगितलेली बरी.

मी कवडूला बोलावून विचारलं, "धक्का बसते तो कोणकोणत्या वारी?"

तो विचार करून म्हणाला, "रविवार, सोमवार जोरात. मंग कमी होत जाते. शुक्रवारी काहीच नाही."

"गाडीले वार समजते काय बे?"

"मले काय मालूम? तिले बी रविवारची सुट्टी पाहिजे असन."

"आणखी काही फरक?"

"रविवारी रेस मस्त घेते. जोर मारते. पावर वाढल्यासारखा वाटते, म्हणून मी काही बोललो नाही."

इथेच माझे कान टवकारायला हवे होते. जोर मारते म्हणजे गिअर उशिरा चढतो, म्हणजे तार ओढलेली. पण तार मी बुधवारी पाहिली होती, ती बरोबर होती. रविवारी ओढलेली आणि बुधवारी ढिली, अशी तार मी जन्मात पाहिली नव्हती. मी ठरवलं, गाडी आता घरी पाठवायचीच नाही. लग्न रविवारी. शुक्रवार, शनिवार गाडी माझ्यासमोर राहील. बिघाड कुठून येतो ते बसून पाहीन.

शनिवारी सकाळी बिघाड चालत आला. नऊवारी लुगडं, हातात पिशवी.

मी गाड्यांच्या मागे चहा पीत बसले होते. गिरजाबाई आली, इकडेतिकडे पाहिलं, व्हॅनचं दार उघडलं, सरावाच्या हाताने पुढची सीट उचलली आणि आत वाकली. मी जाऊन मागे उभी राहिले.

"गिरजाबाई, काय करून राहिली वं?"

ती दचकली नाही. आमच्या वयात दचकत नाहीत.

"दिसत नाही काय? बांधून राहिली."

तिच्या हातात काळा दोरा होता. दोऱ्यात मिरच्या आणि बिब्बा ओवलेला. आणि लिंबाच्या जागी एक ईडलिंबू, लहान नारळाएवढं. ते ती किकडाउन केबल आणि बाजूच्या पाइपच्या मध्ये कोंबत होती. केबल धनुष्यासारखी वाकली होती.

मी तिथेच टायरवर बसले.

"कधीपासून बांधते?"

"एकोडीचं काम भेटलं तवापासून. दर शनिवारी. एवढं मोठं काम, लोकाइची नजर लागते ना बाई."

"मंग समोर बंपरले बांधाचं ना. सगळे तिथंच बांधतात."

"समोर बांधलं की पोरगा तोडून फेकते. लोक त्याले म्हणतात म्हणे, केटररनं मेनू बाहेरच लटकवला."

"अन् इतल्या मोठ्या गाडीत तुले हेच तार दिसली?"

"हेच तार हलते," ती म्हणाली. "बाकी सारं लोखंड ठोकल्यासारखं गप्प. कवडूनं पाय दाबला की हे हलते. जे हलते त्यातच जीव असते. नजर जिवाले लागते, लोखंडाले नाही."

मी चाळीस मेकॅनिकांना किकडाउन केबल समजावून सांगितली असेल. एकालाही ती एवढी नीट कळली नव्हती.

"पहिल्या रविवारी कढी उडाली," मी म्हटलं.

"उडाली. नजर मोठी, लिंबू लहान पडलं."

"दुसऱ्या रविवारी?"

"मोठं लिंबू घेतलं. तरी उडाली. म्हणून आज ईडलिंबू आणलं. सारा बाजार फिरली त्याच्यासाठी."

सगळा हिशेब लागला. शनिवारी ताजं लिंबू तारेमागे कोंबलं की तार ओढली जायची. रविवारी गिअरबॉक्स आवेशात. मग इंजिनाच्या गरमीने लिंबू सुकत जायचं, आक्रसायचं, बुधवार-गुरुवारपर्यंत दोरा ढिला होऊन खाली पडायचं. तार मोकळी, गाडी शहाणी. मग मी ते उचलून फेकायची आणि ग्रीसची बढाई मारायची. तेलाचा वास मी तीनदा घेतला. लिंबाचा एकदाही आला नाही.

कवडूला बोलावलं. त्याने ईडलिंबू पाहिलं, आईकडे पाहिलं, कपाळावर हात मारला.

"बुढे, दोन वेळा माही इज्जत गेली, अन् तू लिंबाची साइज वाढवून राहिली?"

"तुह्या नागपूरवाल्याले तरी काय समजलं होतं?" गिरजाबाई म्हणाली. "त्यानं तं गाडी भंगारात द्याले सांगतली. मी काय गाडी मोडाले गेली होती?"

सांगून तिला पटणार नव्हतं. मी पाण्याचा गंज मागे ठेवला, तिला त्याच्यासमोर माझ्या जागी बसवलं आणि ईडलिंबू होतं तिथेच ठेवून कवडूला पहिल्या ब्रेकरवर जायला सांगितलं. धक्का असा बसला की माझेही दात वाजले. मागून आवाज आला, "अगं माय माय माय!" गंजात तळाला पाणी उरलं होतं. बाकीचं गिरजाबाईच्या लुगड्यात होतं.

मग मी सीट उचलून ईडलिंबू काढलं, गंज पुन्हा भरला, आणि त्याच ब्रेकरवर परत गेलो. गाडी अशी बसली, जशी देवळात म्हातारी बसते. थेंब सांडला नाही.

"आता पटलं?" मी विचारलं.

गिरजाबाईने लुगडं पिळलं. "पटलं. पण उद्या लग्न आहे. नजर उतरवाचं बांधल्याशिवाय मी कढी घराबाहेर जाऊ देणार नाही."

कवडू काही बोलणार होता. मी त्याला हाताने गप्प केलं. गाडीची दुरुस्ती झाली होती, पण गिरजाबाई अजून मोकळीच होती. तिला कुठेतरी जोडून देणं भाग होतं, नाहीतर ती पुढच्या शनिवारी ब्रेकच्या पाइपाला बांधून यायची.

"गिरजाबाई, लोक गाडी पाहून तोंडात बोट घालतात का कढी पाहून?"

"कढी पाहून. ह्या डबड्याले कोण पाहन?"

"मंग नजर कायले लागन?"

"कढीले."

"अन् कढी हलते का नाही?"

"हलते म्हणजे!" ती लुगड्याकडे पाहत म्हणाली.

"मंग बांध गंजाच्या कड्याले. जितलं घट्ट पाहिजे तितलं."

रविवारी मी कवडूशेजारी पुढच्या सीटवर बसले. माझंही नाव पणाला लागलं होतं. बाजारातले ते चौघे वरातीच्या निमित्ताने एकोडीला आधीच पोहोचले होते. नऊ ब्रेकर मी बोटांवर मोजले. कवडूने प्रत्येक ब्रेकरवर श्वास धरला, मी त्याला प्रत्येक वेळी सोड म्हणून सांगितलं.

मांडवाजवळ देवाजी उभा होता. बाजूला तो मामा. मामाने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून गाठ मारली होती आणि तो गाडीपासून दहा पावलं दूर होता.

देवाजी मागचं दार उघडून आत चढला. खाली बघितलं, कोरडं. सीटच्या मागे बघितलं, कोरडं. गंजावरचं फडकं उचललं. कढी काठाला, गोळे जागेवर.

"सांडली नाही," तो म्हणाला. मला वाटतं त्याला थोडं वाईट वाटलं. माणूस भांडायची तयारी करून आला होता.

मग त्याला गंजाच्या कड्याला लटकलेलं ईडलिंबू दिसलं. "हे काय आहे गा कवडू?"

कवडूची बोबडी वळली. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "हे... हे मामासाठी स्पेशल आहे."

मामा दहा पावलं पुढे आला. आपल्यासाठी काही स्पेशल आहे हे ऐकून त्याचा पंधरा दिवसांचा राग निम्म्यावर आला. "अस्सं? आण मंग."

पंगतीत मामाने दोरा आणि बिब्बा बाजूला सारला, ईडलिंबू चिरून घेतलं, कढीत पिळलं आणि वरून मिरच्या चावून खाल्ल्या. सात गोळे खाल्ले. पाठीत गेलेला धरला तर आठ.

कढीसोबत आलेली गिरजाबाई मांडवातल्या चुलीपाशी उभी राहून पाहत होती. ती लगबगीने माझ्याजवळ आली.

"बाई, नजर उतरवलेलं लिंबू खाल्लं त्यानं," ती माझ्या कानात म्हणाली. "आता काय होईन?"

"पाहू," मी म्हटलं. मलाही उत्सुकता होती.

काही झालं नाही. मामाने ढेकर दिला, टॉवेल सोडला आणि कवडूला बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्यात त्याच्या पोराचं लग्न आहे, कढी कवडूचीच पाहिजे. फक्त ते लटकवलेलं लिंबू विसरायचं नाही, तशी कढी त्याने कुठे खाल्ली नव्हती.

गिरजाबाईने यावर बराच विचार केला. "दमदार माणूस आहे," ती म्हणाली. "नजर पचवली त्यानं."

सोमवारी भंगारवाला आला. कवडूने त्याला व्हॅनला हात लावू दिला नाही. एवढ्या लांबून आला होता, रिकाम्या हाताने कशाला जायचं, म्हणून मी त्याला माझा फुटका जॅक दिला.

तेव्हापासून माझ्याकडे गाडी आली की मी तेल नंतर पाहते. आधी मालकाला विचारते, घरी बुढी आहे काय? लोक हसतात. हसू देत. मालक आपण काय केलं तेवढंच सांगतो, आणि घरातल्या बुढीला कुणी विचारतच नाही. मी स्वतः बुढी आहे. आम्हाला कुणी विचारलं नाही, तर आम्ही गुपचूप काय काय करू शकतो, ते मला माहीत आहे.